नाव घातलेला डबा

अकरावीत असताना मी मोबाइलवर जे सिनेमे बघायचे, त्यांत आई आणि मुलगी सारख्या भांडायच्या. मुलगी खोलीत जाऊन धाडकन दार आपटायची, आई बाहेर कपाळाला हात लावून उभी राहायची, आणि शेवटी दोघी गाडीत बसून आइस्क्रीम खात रडायच्या. तोवर मुलीचा मित्रही आईला आवडायला लागलेला असायचा. मला वाटायचं, आपलंही असंच होणार. फक्त जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडदा कितीही जोरात ओढा, आपटतोय कुठला! वर आई स्वयंपाकघरातनं ओरडायची, "हळू वड की, कड्या निघत्याल." झालं, माझ्या संतापाचा पार पचका.

मुलगा क्लासमधला. दिसायला बरा, गणितात माझ्यापेक्षा कच्चा, पण हसला की मला दुसरं काही सुचायचं नाही. क्लास सुटल्यावर त्याच्या गाडीला टेकून आम्ही माझा डबा खायचो. एवढंच काय ते प्रेम. हात धरला असेल एखाद्या वेळी, तोही चटणीनं माखलेला.

चटणी आईच्या हातची. आई सरकारी कचेरीत क्लार्क, वडील बाहेरगावी नोकरीला, सुट्टीपुरते यायचे. त्यामुळे एकमेकींवर खेकसायला घरात आम्ही दोघीच. रविवारी आई खलबत्ता घेऊन बसायची आणि भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट असं तेल सुटेपर्यंत कुटायची. खालच्या मजल्यावरच्या काकू आम्हाला काय काय म्हणत असतील कोण जाणे. एकदा उरलेली चटणी तो घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आईला लई आवडली. विचारत होती, कुणाच्या हातची ही?" मग काय विचारता! मी दर आठवड्याला त्याच्या आईसाठी प्लॅस्टिकची वेगळी डबी भरून न्यायला लागले. तिकडचं काम फत्ते, असं मी धरूनच चालले होते. राहिली माझी आई.

मला तिच्याकडून एवढंच हवं होतं, की तिनं त्याला एकदा घरी बोलवावं, चहा द्यावा आणि तो कसा आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. पण बोलायची सोय होती का? फोन वाजला की "कुणाचा हाय?" केस मोकळे सोडले की "क्लासला चाललीस का लग्नाला?" शेवटी एका संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी सगळं सांगून टाकलं. मुलगा आहे, चांगला आहे, त्याच्या आईला तुझी चटणी आवडते.

"आडनाव काय?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. "आणि त्यास्नी आपलं म्हाईत हाय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की सोलापुरात कुणालाही ते कळतं. पण क्लासमध्ये सगळे मला पहिल्या नावानं ओळखायचे, आडनावाचं कधी काम पडलंच नव्हतं. "आता कोण बघतंय असलं?" मी म्हणाले. "तू ना आई, अजून मंगळवेढ्यातच राहतेस." मंगळवेढा तिचं माहेर. लहानपणी तिनं तिथं काय काय सोसलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं. तिनं भाकरी उलटली. मी पडदा ओढला.

पुढच्या सोमवारी तिनं स्वतः चटणी भरून माझ्या हातात दिली. प्लॅस्टिकच्या डबीत नाही, स्टीलच्या डब्यात. पहिल्या पगारात घेतलेल्या भांड्यांतला तो डबा, झाकणावर तिचं पूर्ण नाव घातलेलं. भांडं कुणाच्या घरी गेलं तरी ओळखू यावं म्हणून दुकानातच नाव घालून घ्यायचं, ही आमच्याकडची रीतच. "ह्यो दे त्याच्या आईला," ती म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडले. मला वाटलं, आला, सिनेमाचा शेवट आला! "सोड, उशीर हुतोय," ती म्हणाली.

आता डबा परत येणार तो भरूनच. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. लाडू येतील की चकल्या, यावर मी दिवसचे दिवस विचार केला. तो मात्र क्लासमध्ये मागच्या बाकावर बसायला लागला.

मग एके दिवशी पार्किंगमध्ये त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "आई म्हणाली, आता चटणी आणू नकोस."

"का? तिखट झाली?"

"तसं नाही गं." तो बोटाभोवती किल्ली फिरवत राहिला. "तुला कळतं ना."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? आई आहे ती."

गाडी सुरू करून तो निघून गेला. मी झाकण उघडलं. डबा लख्ख घासलेला, रिकामा. लिंबाचा वास येत होता. आमच्या चटणीचा वास जाईपर्यंत घासला होता मेलीनं.

घरी जाऊन मी तो ओट्यावर आदळला. आईनं उघडून बघितला आणि पुन्हा झाकण लावलं.

"मुद्दाम दिलास ना हा?" मी किंचाळले.

"व्हय, मुद्दाम दिला."

ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. "मी त्याला सांगणारच होते! हळूहळू!"

"कवा? लगीन झाल्यावर?"

"तुला माझं मोडायचंच होतं! सरळ बोल ना!"

यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं वाकून ओट्याखालनं एक खोकं बाहेर ओढलं. आत नवे कप होते, निळ्या फुलांचे, कागदात गुंडाळलेले. आमच्या घरी तोवर सगळ्यांचा चहा स्टीलच्या पेल्यात असायचा.

"डबा भरून आला असता, तर रविवारी त्याला च्याला बोलवणार हुते," ती म्हणाली, आणि खोकं आत सारून डबा पुन्हा घासायला घेतला.

आज मी पुण्यात नोकरी करते. आईवरचा माझा राग गेलेला नाही. पारख करायची होती तर मला विचारून करायची, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणते, "तू हो म्हणाली नसतीस." हे खरं आहे, म्हणून जास्तच राग येतो. घरी गेले की आम्ही केसांवरून भांडतो, फोनवरून भांडतो, मिठावरून भांडतो. खोकं ओट्याखाली तसंच आहे. चहा आम्ही पेल्यातच पितो.