काळी-पिवळीतून सहस्रकुंडाला

दहावीनंतर लेकीला लातूरला ठेवायचं ठरलं, तेव्हा घरात फार बोलणं झालंच नाही. त्या काळात बिलोलीतलं जे पोर जरा बऱ्या मार्कांनी पास व्हायचं, ते लातूरच्या क्लासला जायचं. आमचं तर तिथं हक्काचं घर होतं. माझे थोरले दीर आणि जाऊ क्लासच्या गल्ल्यांमागेच दोन खोल्यांत राहत. जावेला मी अक्का म्हणते. ती बाहेरगावच्या पोरांना डबे करून द्यायची आणि भावजी लातूर-औसा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे.

ते लातूरला आले भूकंपानंतर. आमचं गाव औशाच्या पुढं, त्याच पट्ट्यातलं. माझे मालक बिलोलीला शाळेवर मास्तर, म्हणून आम्ही तिघं त्या रात्री गावात नव्हतो. अक्काची एकुलती पोरगी गेली. ती माझ्या लेकीच्याच वयाची होती. सुट्टीत दोघी एका ताटात जेवायच्या. नव्या वसाहतीत घर मिळालं होतं, पण अक्का तिथं राहीना.

लेकीला सोडायला गेले तेव्हा मी अक्काला म्हणाले, "तुमचीच समजा." असं म्हणायची रीत असते. अक्कानं ते तसंच्या तसं घेतलं.

रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी. अक्काला सुट्टीच्या दिवशी डोक्यावर स्लॅब सोसवत नसे. कामात असली की भान नसायचं, रिकामी बसली की नजर वर जायची. म्हणून दुपारची भांडी घासून झाली की भावजी जीप काढायचे आणि तिला कुठंतरी मोकळ्यावर न्यायचे. आधी दोघंच जायचे. आता माझी लेक तिसरी.

आमच्याकडं तेव्हा फोन नव्हता. लेक रविवारी एसटीडी बूथवरून शेजारच्या दुकानात फोन करायची आणि मी दुपारपासून तिथं जाऊन बसायची. हळूहळू फोनची वेळ सरकली. मग यायचा तेव्हा तिच्या आवाजाला वारा लागलेला असायचा. आज वडवळच्या बेटावर, त्या औषधी झाडांच्या टेकडीवर गेलो होतो, मोठीआईनं झाडपाला ओळखायला शिकवला. आज हत्तीबेट चढलो, वरून उदगीरकडची सगळी शिवारं दिसतात. आज धनेगावच्या धरणावर भाकरी खाल्ली. ती मोठीआई म्हणायची अक्काला. थोरल्या चुलतीला आमच्याकडं तसंच म्हणतात, त्यात काही नवीन नाही. पण दुकानात उभं राहून फोनवर ऐकताना त्यातलं 'मोठी' मला टोचायचं.

धनेगावला मांजरा अडवलेली आहे. तीच मांजरा पुढं वाहत आमच्या बिलोलीजवळून जाते. त्या दिवशी घरी परतताना माझ्या मनात आलं, नदीसुद्धा आमच्याकडं तिकडच्यांचं पोट भरल्यावरच येते. हा विचार मी मालकांना सांगितला नाही. ते म्हणाले असते, पोरगी खुश आहे ना, मग झालं तर.

पोरगी खुश होती, हेच तर होतं. दिवाळीला आली ती दोन वेण्यांऐवजी एक वेणी घालून. शेंगदाण्याच्या चटणीचा घास घेतला आणि म्हणाली, "मोठीआई यात लसूण जास्ती घालती." मी पुढच्या वेळी लसूण जास्त घातला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा हक्क होता. सहस्रकुंड. आमच्या नांदेड जिल्ह्यातला धबधबा, पैनगंगेवरचा. लेक लहान असल्यापासून मी तिला सांगत आले होते की, मी तुला तिथं नेईन. मी लहानपणी एकदा वडिलांबरोबर पाहिला होता. पण मालकांची शाळा, पाहुणेरावळे, यात ते राहूनच गेलं होतं. आणि बारावीच्या वर्षी, पाऊस सरत आलेला असताना, लेक फोनवर म्हणाली, "आई, पुढल्या रविवारी आम्ही सहस्रकुंडाला चाललोत. मोठीआई पूर्ण दिवस खानावळ बंद ठेवणार हाय."

मी म्हणाले, मला नांदेडच्या स्टँडवरून घ्या.

मालक आले नाहीत. पडतं पाणी बघायला एवढ्या लांब कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी पहाटेच्या गाडीनं नांदेडला जाऊन उभी राहिले. नवी साडी नेसले होते, हे सांगायला हवं. जीप आली, तर मागच्या बाकावर लेक अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी. तिला गाडी लागली होती. अक्का म्हणाली, तू पुढं बस, हिला उठवू नको. मी भावजींच्या शेजारी बसले. भोकर गेलं, हिमायतनगर गेलं, सागवानाची झाडं सुरू झाली. रस्ता ओला होता आणि दोन्हीकडं सगळं हिरवंगार. भावजी दाखवत होते, बघा, बघा. मी आरशातून मागं बघत होते. अक्काचा हात लेकीच्या कपाळावरून फिरत होता, आणि माझी पोर डोळे मिटून पडली होती, जशी तापात माझ्या मांडीवर पडायची.

इस्लापूर मागं टाकलं आणि आवाज यायला लागला. जीप थांबली तशी लेक उठली आणि ताजीतवानी होऊन पुढं पळाली. मी तिच्या मागं. काळ्या खडकावरून पाण्याच्या कितीतरी धारा एकदम खाली कोसळत होत्या, तुषार तोंडावर येत होते. आणि पायाखालची जमीन गुणगुणत होती. तळपायातून वर चढणारी बारीक थरथर. मला ती गंमत वाटली. लेकीचा हात धरून मी तिला ती सांगणार, एवढ्यात तिनं मागं वळून पाहिलं आणि हात सोडवून घेतला.

अक्का वाटेतच खाली बसली होती. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, चेहरा पांढराफटक. भावजी जीप लावायला मागं राहिले होते. आम्ही दोघी धावलो. मी पदरानं वारा घालायला लागले, पाणी पाणी करत होते. लेक तिच्यासमोर मांडी घालून बसली, तिचे तळवे जमिनीवरून उचलून स्वतःच्या हातात घेतले आणि हळू बोलायला लागली.

"मोठीआई, पाणी हाय ते. नुस्तं पाणी. माझ्याकडं बघ. मी हाय."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आई, तू जरा बाजूला हो. तिला आभाळ दिसू दे."

मी बाजूला झाले. कळलं की हे पहिल्यांदा होत नव्हतं. लातूरच्या त्या दोन खोल्यांत माझ्या पोरीनं हे कितीदा केलं असेल, आणि मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. कीव यायला हवी होती, ती आलीही. पण तिच्या आधी दुसरंच आलं. मला कुणी असं कधी धरलं नव्हतं. माझ्यावर कधी अशी वेळच आली नव्हती, आणि अक्कावर आलेल्या त्या वेळेचाही मला क्षणभर हेवा वाटला.

भावजी आले. दोघांनी अक्काला जीपकडं नेलं. मी एकटीच खडकाच्या कडेपर्यंत गेले. लेकीला जे दाखवायचं ठरवलं होतं, ते मी एकटीनं उभं राहून पाहिलं. फार सुंदर होतं.

परतताना भोकरला चहासाठी थांबलो. लेक आणि भावजी भजी आणायला गेले तेव्हा अक्का माझ्याजवळ सरकली. ती कमी बोलणारी बाई.

"तुला राग येतो माझा," ती म्हणाली. "येऊ दे. पोरगी तुझी हाय, तुझ्याकडंच येणार. बारावी होईस्तोवर माझ्याकडं राहू दे."

माझ्या कपातला चहा निवून गेला होता, तो तिनं बशीत ओतून प्यायला आणि हॉटेलवाल्याला माझ्यासाठी दुसरा सांगितला.

त्यानंतर मला जमेल त्या रविवारी मी पहाटेच्या एसटीनं लातूरला जायला लागले. आधी सांगून जात नसे. अक्का माझी भाकरी धरूनच डबा बांधायची. खरोशाच्या लेण्यांवर गेलो, वडवळच्या बेटावर पुन्हा गेलो, धनेगावच्या भिंतीवर तिघी पाय सोडून बसलो. मागच्या बाकावर लेक मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला अक्का. अभ्यासानं शिणलेली पोर परतताना हटकून पेंगायची. जीप खड्ड्यात गेली की तिचं डोकं इकडं नाहीतर तिकडं कलायचं, आणि ते कुठं टेकतंय हे आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखं करून बघायचो. बहुतेक वेळा ते अक्काच्या खांद्यावर जायचं. मग मी लेकीची ओढणी नीट करायच्या निमित्तानं हात पुढं करायची, आणि अक्का जराशी सरकून माझ्या हाताला जागा द्यायची.