तारीख जुनी, फोटो चोरीचा

ती घटना मी आजवर कुठे लिहिली नाही. लाज वाटत होती.

मी मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळी पर्यटनाचं पेज चालवणारा एक तरुण अर्ज घेऊन आला. आंदर मावळातला एक फोटोग्राफर माझ्या पेजवरचा धबधब्याचा फोटो स्वतःचा म्हणून मिरवतोय, अशी त्याची तक्रार. भुशी धरणावरच्या बंदोबस्ताच्या आमच्या सूचना हाच पेजवाला फुकट टाकायचा. ठाण्यात त्याला न मागता चहा मिळे.

मी दोन्ही पोस्टच्या तारखा पाहिल्या. पेजवरची तीन वर्षांपूर्वीची, फोटोग्राफरची गेल्या महिन्यातली. ठाणे डायरी लिहून लिहून मला सवय झाली होती, ज्याची नोंद आधी त्याचं खरं धरायचं. तेवढ्यावर मी निकाल लावून टाकला.

फोटोग्राफरला बोलावलं. तो आईला घेऊन आला.

"साहेब, मूळ फोटो माझ्या कॅमेऱ्यात आहे. त्यांनी डावी बाजू कापलीय."

"कॅमेऱ्याचं नंतर. आधी तारखेचं बोल."

आई पुढे झाली. "सायेब, मी व्हते ना तितं. पाऊस लय व्हता. मीच छत्री धरली त्याच्या क्यामेऱ्यावर."

"मावशी, आता छत्रीचा पंचनामा करू का?" मी म्हणालो. पेजवाला हसला. मीही हसलो.

नोकरीभर प्रत्यक्ष साक्षीदार शोधत फिरलो, आणि समोर उभा राहिला तेव्हा त्याची चेष्टा केली.

फोटोग्राफरला दुपारपर्यंत बसवून ठेवलं, गुन्हा दाखल करण्याची धमकी दिली आणि माफीनामा लिहून घेतला. "एका रिसॉर्टचं कायमचं काम मिळतंय साहेब, हे बाहेर गेलं तर जाईल," तो म्हणत होता. पेजवाल्याने त्या कागदाचा फोटो काढला, मी अडवलं नाही. संध्याकाळी तो पेजवर होता. काम गेलं.

पंधरा दिवसांनी आमच्या एक महिला पोलीस शिपाई मोबाइल घेऊन आल्या. "सर, धबधब्याला 'तर्री झणझणीत दिसतेय' असं कोण म्हणेल?"

फोटोखालच्या जुन्या प्रतिक्रिया सगळ्या मिसळीबद्दल होत्या. पेजवाल्याने मिसळीची जुनी पोस्ट उघडून त्यात चोरलेला फोटो बसवला होता. तारीख तीच राहिली होती. मग पेज खालपर्यंत पाहिलं. तसे आणखी कितीतरी फोटो निघाले, कडा कापलेले, एकावरही काढणाऱ्याचं नाव नाही.

चौकशीत तो दहा मिनिटांत कबूल झाला. "सगळेच टाकतात सर. नेटवर पडलेलेच असतात."

मी फोटोग्राफरच्या गावी गेलो. तो भात लावत होता. चिखलातून वर आला नाही. बांधावर त्याची आई होती. "माझं चुकलं," मी म्हणालो.

"त्याच्याकडनं लिवून घेतलंत ना? मग तुमी बी लिवून द्या."

"वरिष्ठांना विचारावं लागेल," असं म्हणून मी निघालो. विचारलं कुणालाच नाही.

तारखेवरून फोटोचा मालक ठरवू नये, मूळ पूर्ण फोटो मागावा, खालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात, हे मी नंतर सगळ्यांना शिकवलं. स्वतः लिहून द्यायला मात्र निवृत्ती उजाडली.

हे लिहून झाल्यावर फोटोग्राफरला फोन केला, वाचून दाखवलं. "तुझं नाव घालतो," म्हणालो. "फोटो तुझा होता हे लोकांना कळू दे."

"नको साहेब," तो म्हणाला. "माझं नाव वाचलं की लोकांना तो माफीनामाच आठवतो."