पवनीची फायनल

काल सुनेनं गुडघ्याला कापराचं तेल चोळलं आणि त्या वासासरशी मला पवनीचं मैदान आठवलं. मध्यंतरात आम्ही सगळ्यांनी पोटऱ्यांना तेच तेल चोळलं होतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचा वरठीचा फुटबॉल क्लब पहिल्यांदाच जिल्हा कपच्या फायनलला पोचला होता. समोर पवनीचा क्लब होता. जादा वेळही संपला, पण गोल झाला नाही. अंधारून आलं. मी कप्तान, पायात गोळे येऊन गवतावर आडवा झालो. पवनीचा कप्तान केशव माझ्या शेजारी येऊन पडला.

पंचांनी विचारलं, "उद्या पुन्हा खेळता का?"

"उद्या धान कापाले जा लागते. पोरं कुठून आणू?" केशव म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "कप तुम्हीच घेऊन जा, भाऊ."

"असा फुकटचा मले नाही पाहिजे."

शेवटी कप सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरलं. परतताना आमची पोरं चिडली होती, मलाही रडू आलं.

आता आठवतं, पंच कप हातात देऊ लागले तेव्हा आम्हा दोघांनाही उठावंसं वाटत नव्हतं. गवतावर पाठ टेकून, डोळे मिटून आम्ही नुसते श्वास घेत होतो. तेवढं सुख पुढं कशातच मिळालं नाही.