अक्षरी रुपये दहा हजार फक्त

नागपूरच्या बेसा भागातली ती भाड्याची जागा सोडायचं ठरलं ते जिन्यामुळे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांचं डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी दवाखान्यातून परत येताना ते दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसले ते उठेचनात. तिथल्या बाई पाणी घेऊन बाहेर आल्या. बाबा त्यांना म्हणाले, "जरासा बसून राहिलो बाई तुमच्या दाराशी. पाहुणा समजा." त्या हसल्या, बाबाही हसले. वर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "मी गावालेच बरा. जाऊन-येऊन करीन."

गाव म्हणजे आमचं तालुक्याचं ठिकाण. नागपूरपासून एसटीने दोन तास. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, म्हणजे चार वेळा तो प्रवास. परतीच्या गाडीत आई त्यांना खिडकीशी बसवून स्वतः आडवी बसायची, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना दवाखान्याजवळ ठेवा. असं फार दिवस चालणार नाही."

महिनाभर शोधून महाल भागात एक खोली मिळाली. तळमजला, दवाखाना हाकेच्या अंतरावर, मागे मोरी. घरमालकीण विधवा बाई होत्या. पंचेचाळीस हजार डिपॉझिट म्हणाल्या, त्यात एक रुपया कमी करायला तयार नव्हत्या. "तीस तारखेपर्यंत थांबते बाळा. एकतीसला जो पैसे आणीन त्याची खोली. मले बी माझं पाहावं लागते."

माझी सगळी शिल्लक बेसाच्या जागेच्या डिपॉझिटमध्ये होती. पन्नास हजार. त्यातले तीस माझ्या दोन वर्षांच्या पगारातून वाचवलेले आणि वीस आईच्या भिशीचे. ते परत मिळाले की महालात द्यायचे आणि उरतील त्यात बाबांसाठी एक लोखंडी पलंग घ्यायचा, इतका सरळ बेत होता.

बेसातली जागा मला एका एजंटने दाखवली होती. एक महिन्याचं भाडं त्याने दलाली म्हणून घेतलं. घरमालक निवृत्त मुख्याध्यापक होते. हे कळल्यावर माझी अर्धी भीती तिथेच गेली. मी जो काही आहे तो शिक्षकांमुळे आहे. सातवीत एका गुरुजींनी परीक्षेची फी भरली, दहावीत दुसऱ्यांनी त्यांच्या घरी अभ्यासाला बसू दिलं. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला, आणि मला पुढे ढकलणारे सगळे हात मास्तरांचेच. त्यामुळे घरमालकांना मी पहिल्या दिवसापासून सर म्हणायला लागलो. त्यांनी माझी शाळा विचारली, बाबा काय करतात ते विचारलं. पिठाच्या गिरणीत आहेत, असं मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "तुमच्यासारखी मुलं पाहिली की शिकवल्याचं सार्थक वाटतं." या शहरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी पन्नास हजारांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि पाया पडलो. पावती मागायचं मनातही आलं नाही. गुरुजींकडे पावती मागतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग एजंटने स्टॅम्प पेपर काढला. मजकूर छापलेला, नाव, रक्कम, मुदत यांच्या जागा कोऱ्या. त्याने माझी सही पाहिली आणि म्हणाला, "वा भाऊ, अक्षर काय झकास आहे! तुम्हीच भरून टाका ना. आमचं तर कोंबड्याचे पाय."

मला बरं वाटलं. गावात आजही मी गेलो की लोक बँकेचे, गॅसचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन येतात. सुलेखनाचं बक्षीस मिळालेला मुलगा म्हणून ओटीवर बसून ते भरून देणं हा माझा मान होता. मी पेन उघडलं. डिपॉझिटच्या जागी आलो तेव्हा एजंट म्हणाला, "तिथं दहा टाका."

"पण पन्नास दिलेत ना?"

"अरे, कागदावर सगळे कमीच दाखवते. उगाच सरांच्या मागं कटकट काहून लावता? सरांचा शब्द आहे ना? मंग!"

मी सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मी लिहिलं, अक्षरी रुपये दहा हजार फक्त. आणि पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून 'फक्त'नंतर आडवी रेघ ओढली. बँकेच्या स्लिपवर तशी रेघ ओढायला आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

जागा सोडताना मी रीतसर महिनाभर आधी लेखी कळवलं. फरशी दोनदा पुसली, गॅसच्या ओट्यामागचे डाग घासले. किल्ली दिली. सरांनी करारनामा समोर ठेवला. "दहा हजार. रंगाचे सहा, टाकीची सफाई आणि नळ मिळून दोन. हे घे दोन हजार."

"सर, पन्नास होते."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "इथे काय लिहिलंय?"

"पण सर, पाकीट मी तुमच्या हातात दिलं होतं."

"बाळा, इतके भाडेकरू येतात. कुणी काय दिलं ते मला कसं आठवणार? म्हणून तर कागद करतो आपण." आवाज चढला नाही. वर्गात न समजलेलं पुन्हा समजावून सांगावं तसं ते बोलले. मग आतून चहा आला. मी तो प्यायलो. भांडायला हवं होतं तिथे मी कपबशी हातात धरून बसलो, आणि जाताना दोन हजार टेबलावर तसेच ठेवले. मला वाटलं, त्याने त्यांना लाज वाटेल.

एजंटच्या दुकानात गेलो तेव्हा तो कुणाला तरी फोनवर फ्लॅट सांगत होता. माझं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मी फक्त जोडून देतो भाऊ. लगन लावणाऱ्या भटजीले कोणी संसाराचं विचारते का?" त्याचे दोन मित्र हसले. "नवी रूम पाहिजे तर सांगा. तुमच्यासाठी ब्रोकरेज हाफ."

पोलीस चौकीत हवालदारांनी निदान बसायला सांगितलं. "नगद काहून दिले?"

"ते सर होते."

"मी बी हवालदार आहो. मलेही देता का बिनापावतीचे?" पुन्हा कुणीतरी हसलं. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे आमच्याकडचं नाही. कोर्टात जा."

कोर्टाच्या आवारात मोफत सल्ला मिळतो, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. तिथे एक तरुण वकील ताई होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं. सरांना पैसे दिले त्याच्या आदल्या दिवशी बँकेतून तीस हजार काढल्याची नोंद मी दाखवली. त्या म्हणाल्या, "तुम्ही काढले एवढंच यातून दिसतं. त्यांना दिले हे दिसत नाही. साक्षीदार?" साक्षीदार म्हणून सही एजंटची होती. त्यांनी माझ्याकडची करारनाम्याची प्रत उजेडाकडे धरली. "हे कुणी भरलं?"

"मी."

त्यांनी कागद खाली ठेवला. "दादा, दुसऱ्या कुणी भरलं असतं आणि तुम्हाला वाचता येत नसतं, तर काहीतरी म्हणता आलं असतं. तुम्ही बी.कॉम. आहात." त्या वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. पण ज्या शिक्षणासाठी आईने अंगणवाडीतली मोठी पातेली घासली, तेच माझ्याविरुद्ध साक्षीला उभं होतं. ताईंनी नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. दावा लावला तर किती वर्षं लागतील, हे विचारल्यावर त्यांनी मागच्या फायलींच्या गठ्ठ्यांकडे हात केला. माझ्याकडे नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत मी सरांकडे चार वेळा गेलो. दोनदा ते घरी नव्हते, दोनदा झोपले होते. ऑफिसात उचल मागितली, सहा हजार मिळाले. मी एका सहकाऱ्याच्या खोलीत सतरंजीवर झोपत होतो. तिथे बाबांना आणायची सोय नव्हती.

अठ्ठावीसला डायलिसिस होतं. ते झाल्यावर बाबा म्हणाले, "मले घेऊन चाल त्यायच्याकडे. तू कॉलेजातलं बोलतं. म्हाताऱ्याचं म्हाताऱ्याले समजते." आईने नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. ऑटोने गेलो. सरांचं स्वतःचं घर बैठं होतं, अंगणात झोपाळा. सर बाहेर आले. बाबांनी फाटकाला धरूनच हात जोडले.

"गुरुजी, पोरगं खोटं नाही बोलत. कागद गेला चुलीत. तुम्ही तुमच्या मनाले विचारा."

सर बाबांच्या हातावरची पट्टी पाहत राहिले. मग आत गेले आणि आले. "हे त्या दिवशीचे दोन. आणि हे पाच माझ्याकडून, तुमच्या औषधाला. एवढी मदत मी करू शकतो."

मदत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी दोन्ही हात पुढे केले, पैसे कपाळाला लावले आणि म्हणाले, "लई उपकार झाले."

ऑटोत मी विचारलं, "काहून घेतले बाबा? उपकार काहून म्हटलं? आपलेच होते ते."

"उभं राहवत नव्हतं गा," ते म्हणाले. "लवकर निपटवलं."

सात आणि सहा मिळून तेरा हजार घेऊन मी महालात गेलो. बाईंनी ते पाहिले, हातही लावला नाही. बाकीचे तीन महिन्यांत देतो म्हणालो. लिहून देऊ का, हे मात्र विचारलं नाही. एकतीसला संध्याकाळी त्या गल्लीतून गेलो तेव्हा खोलीसमोर दुसऱ्या कुणाच्या गाद्या आणि सायकल उतरवत होते.

पुढच्या खेपेला बसस्टँडवर बाबांनी मला सांगितलं, "आता आठवड्याले एकच बार येईन. दोनदा नाही होत गाडीनं." मी डॉक्टरांचं सांगितलं, रागावलो, हात जोडले. ते तिकिटाचे सुटे पैसे मोजत राहिले. गाडी लागली तेव्हा आईने त्यांना मागून धरलं, मी पुढून ओढलं, मग मी खाली उतरलो आणि कंडक्टरने दार लावून घेतलं.

आता ते फक्त मंगळवारी येतात. शुक्रवारी दुपारी मी ऑफिसातून आईला फोन करतो. ती म्हणते, झोपले आहेत. मी म्हणतो, झोपू दे.