मागाच्या खड्ड्यातला साप

ही गोष्ट सांगायचं मी जन्मभर टाळलं. आधी बहिणीसाठी टाळलं, मग वडिलांसाठी, आणि पुढे टाळायची सवयच झाली म्हणून. माझा धाकटा भाऊ वसंता मागच्या महिन्यात गेला. अंगणात वाळत घातलेल्या धानावरची पाखरं हाकलत मी बसलो होतो, तेव्हा त्याच्या मुलाचा, मंगेशचा फोन आला. "मोठेबाबा, बाबा गेले जी," एवढंच तो बोलला. हृदय बंद पडलं होतं. उन्हाळ्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापला होता, आता हृदय. लोक हळहळले, बिचाऱ्यामागं एकामागून एक लागलं म्हणाले. पण ती दोन दुखणी नव्हती, एकच होतं, आणि ते आमच्या घरात नवीनही नव्हतं. हे गावात फक्त मला ठाऊक होतं.

आमचं घर विणकरांचं. मोहाडीजवळच्या आमच्या गावात तेव्हा बऱ्याच घरांत माग होते. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या आणि वर हातांनी कोशाचं रेशमी कापड विणायचं. बाबा सकाळपासून त्या खड्ड्यात बसत, तोंडात विडी नसली तर कानावर असे. बाजाराला निघाले की वाटेत चार ठिकाणी थांबत, कुणाच्याही बांधावर उभं राहून त्याच्या धानाची चौकशी करत. लोक म्हणत, माणूस मोठा बोलका. चालताना पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की जातो, हे बाबांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. तोवर पायाचा अंगठा काळा पडला होता.

मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. मिसरूड फुटलेला मी घरातला मोठा मुलगा, वसंता तेव्हा जेमतेम शाळेत जाणारा. पाय कापावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून नीट समजावलं. पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून भरत आल्या आहेत, पुढे हृदयाच्याही भरू शकतात, विडीनं ते फार वाढवलं आहे. पण विडी ओढणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही, काही घरांत याची ओढ रक्तातच असते. "तुम्ही भावंडांनी तंबाखूला शिवू नका. धाकट्यालाही मोठा झाला की सांगा," असं ते म्हणाले. मी मान हलवली. खाली उतरून खिशातलं विडीचं बंडल रस्त्याकडेच्या नालीत टाकलं आणि त्यानंतर आजपर्यंत विडीला हात लावला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धं मी लगेच ऐकलं… जे माझ्यापुरतं होतं ते.

गावात मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. काळं पडलेलं बोट, पायाला चिंध्या, वास… आमच्याकडे त्या काळी महारोगाची मोठी धास्ती. शेजारच्या गावात अशाच संशयावरून एका मुलीची सोयरीक मोडली होती, आणि माझ्या बहिणीचं, कमलचं लग्न लाखांदूरला ठरलेलं. आईनं मला चुलीजवळ बसवून सांगितलं, "सापानं चावलं म्हण. मागाच्या खड्ड्यात मन्यार होती म्हण. सापाले कोणी नावं ठेवत नाही." मी तसंच सांगितलं. नागपूरहून मीच आलो होतो, तेव्हा माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? कमलचं लग्न सुखरूप पार पडलं.

बाबांनी तर त्या सापाला चांगलं पोसलं. ओट्यावर कुबडी टेकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो प्रसंग रंगवून सांगत. दर पावसाळ्यात साप वीतभर वाढे. आई आतून म्हणायची, "पुरे करा जी, आता खड्ड्यात मावत नाही तो." सगळे हसत. वसंता मात्र हसत नसे, तो बापाच्या मांडीला चिकटून ऐकत असे. पुढे तोच मागावर बसला. मला कचेरीत नोकरी लागली, मी मोहाडीत घर केलं. आणि वसंतानं एक सवय लावून घेतली, जी त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. पाय खड्ड्यात सोडण्याआधी तो बांबूची एक काठी उचलायचा आणि खड्ड्याच्या चारी भिंतींवर, मग तळाशी, खाडखाड आपटायचा. वाकून पाहायचा. मग पाय सोडायचा, विडी पेटवायचा आणि विणायला लागायचा.

हे मी किती वेळा पाहिलं असेल… पाहून कधी आत काही हललं नाही, असं म्हणवत नाही. एकदा त्यानंच विचारलं होतं, "भाऊ, तू काहून नाही ओढत बे? कचेरीत तं सारेच ओढतात." छातीला मानवत नाही, म्हणालो. तो हसला. चारचौघांत अभिमानानं सांगायचा, आमच्या भाऊले कशाचंच व्यसन नाही, कचेरीतली खुर्ची झिजेल पण भाऊ झिजणार नाही. बाबा गेले तेव्हा सांगू असं ठरवलं होतं. पण ओट्यावर बसून बापानं इतकी वर्षं खोटं सांगितलं, हे तेराव्या दिवशी मुलाला कसं सांगायचं? मग कमल गेली, तिची मुलंबाळं संसाराला लागली. आता झाकायचं काहीच उरलं नव्हतं, तरी मी झाकत राहिलो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं गावातल्या तलावाच्या पाळीवरून चाललो होतो. वसंता मध्येच थांबला आणि पाण्यातल्या शिंगाड्यांबद्दल बोलायला लागला. पुढे गेलो, पुन्हा थांबला, म्हणाला, यंदा पाणी कमी आहे. बोलता बोलता तो एका हातानं पोटरी दाबत होता. मला बाबा दिसले. दुसऱ्याच दिवशी त्याला बळंच भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. मनाशी म्हटलं, न सांगताही निभेल.

डॉक्टरांनी विणकाम किती वर्षं करता ते विचारलं, शुगर विचारली, विडीवरून रागावले. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला पायाचा असा त्रास होता का? वडील, काका?"

"नाही जी," वसंता म्हणाला. "बाबाचा पाय गेला होता, पण तो सापानं."

मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं, मोठा भाऊ म्हणून. मी होकाराची मान हलवली. बाबांच्या पायाचं ऐकल्यावर नागपूरच्या त्या व्हरांड्यात हलवली होती, तशीच. आयुष्यभर वाकून बसल्यानं कंबरेची शीर दबली असावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याचं औषध दिलं आणि फरक पडला नाही तर परत या म्हणाले. फरक पडला नाही, आणि वसंता परत गेलाही नाही. मागावर बसणाऱ्याचे पाय दुखायचेच, म्हणाला. अंगठा काळा पडला तेव्हा मात्र मला बोलवायला माणूस पाठवला. त्याचा पाय कापणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, आधी कळलं असतं तर पाय वाचला असता का? कदाचित, म्हणाले. त्या एका शब्दाशी मी आता रोज बसतो.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. तो खाटेवर बसला होता, पांघरुणाखाली एका बाजूला काहीच नव्हतं. थोडी शुगर निघाली होती, पाय तिनंच गेला असं तो धरून होता. "बाबाले सापानं धरलं, मले शुगरनं," तो हसत म्हणाला. "आपल्या घरच्या पायाच्याच मागं कोण लागून राहिलं रे भाऊ?" मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली, आणि मी म्हणालो, चहा चांगला झाला.

तेरवीची जेवणं उरकल्यावर मंगेश घरामागे एकटाच उभा दिसला. हातात सिगारेट होती. मला पाहून त्यानं ती मागे लपवली. मी लपवू नको म्हणालो आणि तिथंच, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी, त्याला सगळं सांगितलं. साप नव्हता, आजोबांचं आणि बापाचं दुखणं एकच, त्याची ओढ तुझ्याही रक्तात असेल, माझ्या मुलांच्याही. तपासून घे आणि ती टाक. त्यानं सिगारेट खाली टाकून चपलेनं विझवली. मग विचारलं, "बाबाले सांगितलं होतं तुमी?"

"नाही."

"भंडाऱ्याच्या डॉक्टरनं विचारलं, तवा तुमी तिथंच होते ना मोठेबाबा?"

मी होय म्हणालो. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो आत निघून गेला.

मग मी मागाच्या खोलीत गेलो. मागावर अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं होतं, त्यावर धूळ बसलेली. काठी कोपऱ्यात, हात लावून लावून मधोमध गुळगुळीत झालेली. खड्ड्याच्या मातीच्या भिंतींवर तिचे वार होते, वर्षानुवर्षांचे, एकावर एक. तिथं नसलेल्या सापासाठी माझ्या भावानं रोज सकाळी एवढी जागा ठोकून काढली होती, आणि मग निर्धास्त होऊन विडी पेटवली होती. मी खड्ड्याच्या काठावर बसलो. त्याच्यासमोर असा बसलो असतो तर दोन वाक्यांचंच काम होतं. वसंता, साप नव्हता रे. माझं चुकलं.