युनियन ऑफिसातला गुरुवार

आनंदा केणेला लोक नेहमी विचारायचे, "तुला नोकरीची गरज काय रे?" विचारणाऱ्यांचंही चुकत नव्हतं. डोंबिवलीजवळ कोपरला त्यांच्या जमिनीवर चार मजली इमारत उभी होती, आजोबांच्या नावाची, गोमाजी सदन. खालच्या गाळ्यांचं भाडं घर चालवायला पुरेसं होतं. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी शेवटपर्यंत भात लावला, आणि भावकीतल्या बहुतेकांनी नंतर जमिनी बिल्डरला देऊन टाकल्या. आनंदा मात्र आयटीआय करून वीज कंपनीत लाईनमन झाला होता. त्याला ते काम मनापासून आवडायचं. अंधारलेल्या सोसायटीखाली जीप थांबली की वर गॅलरीतून कुणीतरी म्हणायचं, "केणे आलेत, आता येतील लाईटी." हे ऐकलं की तो उगाच टोपी सारखी करायचा.

त्याचा जोडीदार विश्राम. पंधराएक वर्षं दोघांची ड्युटी एकत्र. एकाने खाली शिडी धरायची, दुसऱ्याने वर जायचं, आणि डबा दोघांनी मिळून खायचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ठाकुर्लीला एका गल्लीत तार तुटली. आनंदाने डीपीतले फ्यूज स्वतःच्या हाताने काढले, खांबावर टेस्टर लावून पाहिला, लाईन मेली होती. मग तो विश्रामला म्हणाला, "चढ." विश्राम वर पोचला, बेल्ट अडकवला, तार जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी लावायला तारेला हात घातला. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतला जनरेटर धडधडत सुरू झाला. त्याची जोडणी चुकीची होती. करंट उलटा लाईनवर आला आणि विश्राम बेल्टला लटकला.

आनंदा ओरडत इमारतीत धावला, वॉचमनकडून जनरेटर बंद करवून घेतला, खांबावर चढला आणि विश्रामला खांद्यावर घेऊन उतरला. विश्राम वाचला. डाव्या हाताची तीन बोटं मात्र गेली. चौकशी झाली, जनरेटरवाल्या सोसायटीवर केस झाली, आनंदाने सगळं नियमाने केलं होतं असं कागदावर आलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांच्या लेखी विषय संपला.

आनंदाचा तिथून सुरू झाला.

पहिल्यांदा ते पुतण्याच्या हळदीत घडलं. मांडव भरलेला, जेवणाची पंगत बसलेली, आणि मांडवामागचा जनरेटर चालू झाला. आनंदाच्या छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. हात गार पडले, श्वास पुरेना. तो पंगतीतून उठला आणि चपला न घालताच घरी आला. बायकोने, कल्पिताने, त्याला तसाच दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी आहे.

मग ते खांबाखाली होऊ लागलं. शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय तो परत खाली घ्यायचा. तो काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला वर पाठवायचा, आणि पाठवल्यावर तर जास्तच घाम फुटायचा. हळूहळू तो तक्रार नोंदवायच्या खिडकीवर बसायला लागला. घरी कुणाशी बोलेनासा झाला. आणि विश्रामला भेटायला तो हॉस्पिटलनंतर एकदाही गेला नाही. विश्राम कल्याणला राहायचा, रिक्षाने जाण्यासारखं अंतर. कल्पिता म्हणायची, "अहो, एकदा जाऊन या ना." तो उठून आत जायचा.

आईने, आवडाबाईने, तिच्या परीने उपाय केले. मीठमिरच्या ओवाळल्या, गावदेवीला नारळ ठेवला. "तुना कोनाची तरी नजर लागलीय, पोरा," ती म्हणायची. "सोर ती नोकरी. भाडा येतंय ना घरान?"

नोकरी सोडायचा विचार त्याच्याही मनात यायचा. पण लाईनमन नसलेला आनंदा म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी एके दिवशी साहेबांनी त्याला वर चढायला सांगितलं आणि तो सगळ्यांसमोर नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला.

मेमो आला की माणूस युनियनकडे जातो, तसा तो शीलाताईंकडे गेला. शीलाताई सबस्टेशनला ऑपरेटर होत्या आणि युनियनच्या विभागीय चिटणीस. डोंबिवली पूर्वेला राहायच्या, रिटायरमेंटला आलेल्या, आवाज बारीक पण साहेब लोक त्यांना वचकून असायचे. त्यांनी मेमो वाचला, घडी घालून पर्समध्ये टाकला.

"याचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तुझं काय ते सांग."

"माझं काही नाही, ताई."

"आनंदा, तू कामाला नाही म्हणणारा माणूस नाहीस. झोप लागते का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो तोंड उघडायला गेला आणि त्याला रडूच आलं. सबस्टेशनच्या त्या गुणगुणणाऱ्या खोलीत पंचेचाळिशीचा माणूस खुर्चीत बसून रडला. शीलाताईंनी त्याला थांबवलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि पॅनेलवरची रीडिंगं घेत राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं. कल्याणच्या युनियन ऑफिसात दर गुरुवारी संध्याकाळी सोनल नावाच्या एक समुपदेशक येतात. मागच्या वर्षी एका कामगाराने जीव दिला, तेव्हा कमिटीत भांडून शीलाताईंनी हे सुरू करून घेतलं होतं. आतली खोली, दार बंद, कंपनीला काही कळत नाही.

"मी वेडा नाही हो, ताई."

"मला कमरेचा त्रास आहे, मी कमरेच्या डॉक्टरकडे जाते. मी लंगडी आहे का? गुरुवारी ये. नाही पटलं तर चहा पिऊन जा."

गुरुवारी तो गेला तो चहा पिऊन परत यायचं ठरवूनच. बाहेरच्या बाकावर दोनचार जण बसले होते. त्यात एकाने डावा हात खिशात घातलेला होता. विश्राम.

आनंदा दारातच थबकला. मागे फिरणार, तेवढ्यात विश्रामने बाकावरची पिशवी उचलून जागा केली.

"बस," तो म्हणाला. "मीपण येतो इथे दर गुरुवारी. किती महिने वाट बघतोय तुझी. मला वाटलं, थोटा झालो म्हणून तू तोंड फिरवलंस."

"तसं नाही रे."

"मग?"

आनंदा बाकाच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मीच तुला चढ म्हणालेलो."

विश्रामने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणालेलास? असशील. मला आठवत नाही. रोजच म्हणायचो आपण एकमेकांना." मग म्हणाला, "मला ॲम्ब्युलन्समधलं आठवतं. मी डोळे मिटले की तू गालावर मारायचास आणि तुमच्याकडच्या हळदीतल्या मटणाच्या गोष्टी सांगायचास. कुणाच्या हळदीत किती बोकड कापले, रस्सा कुणाचा पातळ होता. मला एवढं दुखत होतं, आणि हा माणूस रश्श्याचं बोलतोय. मी म्हटलं, हा गप्प बसेपर्यंत तरी मरता येणार नाही."

आनंदाला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. तो हसायला लागला आणि हसता हसता पुन्हा त्याचे डोळे भरले. विश्रामने खिशातून डावा हात काढला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्या हाताकडे आनंदाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आतल्या खोलीत सोनल मॅडम त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान निघाल्या. त्याला आधी संकोच वाटला. पण त्यांनी सल्ला काहीच दिला नाही, नुसतं विचारत गेल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं शरीर तुम्हाला वाचवायला बघतंय, केणेभाऊ. त्याला अजून वाटतंय, तो जनरेटर चालूच आहे." हे त्याला समजलं. करंट संपूनही लाईनमध्ये चार्ज राहतो, अर्थिंग करून तो सोडावा लागतो, हे त्याचंच काम होतं. त्यांनी एका मनोविकार तज्ज्ञांकडेही पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली.

तिकडे शीलाताईंनी मेमो मागे घ्यायला लावला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला काही महिने जमिनीवरचं काम मिळालं. साहेब 'अनफिट' लिहायला निघाले होते. ताई म्हणाल्या, "पाय मोडला असता तर काय लिहिलं असतं? तेच लिहा. उपचार चालू आहेत."

पुढचं सावकाश झालं. स्टोअरच्या आवारात सरावाचा एक खांब होता, कुठल्याच लाईनला न जोडलेला. सोनल मॅडमच्या सांगण्यावरून तो तिथे जाऊन नुसता बेल्ट बांधून उभा राहायचा. मग एक पायरी, मग दोन. विश्राम आता स्टोअरमध्येच कामाला होता. तो खाली स्टुलावर बसून गप्पा मारायचा. एकदा आनंदा अर्ध्यावरूनच उतरला आणि आठवडाभर फिरकला नाही. तेव्हा कल्पिता त्याच्याबरोबर कल्याणला गेली, आणि सोनल मॅडमनी तिलाही आत बसवलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत?" त्या रविवारी तीही स्टोअरच्या आवारात आली. वॉचमनची परवानगी काढून, डबा घेऊन.

दिवाळीच्या आधी आनंदा खऱ्या लाईनवर चढला. कुणाला न सांगता, साध्या ड्युटीत. खाली आल्यावर त्याने बेल्ट सोडला. काम झालं होतं.

अजूनही जनरेटरचा आवाज त्याला खुपतो. हळदीत तो मांडवाच्या लांबच्या कोपऱ्यात बसतो, आणि घरच्यांना ते माहीत असल्यामुळे तिथलीच जागा राखलेली असते. आवडाबाईने नारळ ठेवणं सोडलेलं नाही, पण आता गुरुवार आला की तीच विचारते, "जायाचा नाय का कल्यानला?"

शीलाताईंचा निरोप समारंभ युनियनने केला तेव्हा आनंदाला बोलायला उभं केलं. त्याला भाषणाची सवय नाही. पाहुण्यांची नावं घ्यायची तो विसरला, माइक तोंडाला लागून किंचाळला. तो म्हणाला, "ताईंनी मेमो मागे घ्यायला लावला, ते त्यांचं कामच होतं. पण झोप लागते का, हे त्यांनी विचारलं. ते त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. आपल्या बाजूच्याला तेवढं विचारत जा."

मग त्याने वाडीतल्या पांढऱ्या भेंड्यांची मोठी पिशवी ताईंच्या हातात दिली, कारण त्याच्या घरची भेट म्हणजे एरवी ताजे मासे, आणि त्या मासे खात नाहीत, आणि स्टेजवरून खाली उतरला.