लेकीचा स्ट्राइक

गेल्या रविवारपासून मला घास गोड लागत नाहीये. कारण सांगितलं तर लोक हसतील. कारण आहे बोलिंग.

तेच ते, जड चेंडू घरंगळत सोडून लांबवरच्या दहा पिना पाडायच्या. न्यू टाउनमधल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच त्याचं वेड आहे, मला जरा जास्तच. कामामुळे एरवी आठवडाभर मी घरात असून नसल्यासारखी. म्हणून नऊ वर्षांची लेक मागे लागली होती, "आई, मला ने ना एकदा. तू आणि मी, दोघीच." नुसती मज्जा करायची, हे मी कबूलही केलं होतं.

रविवारी तिथे गेल्यावर सुरुवातीचे चेंडू तिने दोन्ही हातांनी ढकलले. तीन पिना पडल्या तरी बाईसाहेबांचा नाच! शेजारच्या लेनवरच्या बंगाली आजी "खूब भालो!" म्हणत टाळ्या पिटत होत्या. आणि इथे माझा मेलीचा जीव खालीवर. चेंडू दर वेळी डावीकडेच जात होता आणि उपाय मला ठाऊक होता ना!

"अगं, पिनांकडे नको बघूस. लेनवर बाण काढलेत ना, त्यातल्या उजवीकडून दुसऱ्यावरून सोड. आणि स्वतः थोडी डावीकडे सरक."

"डावीकडेच जातोय, तर आणखी डावीकडे कशाला?"

"तिथून त्याच बाणावरून सोडलास, की तो तिरका उजवीकडे जातो. कर म्हणते ना!"

मग माझं शहाणपण उतू जायला लागलं. पाय बघ. एकाच हाताने. मान वर. "अगं, ढकलतेस काय, कपाट सरकवतेयस का?" एकही चेंडू मी तिला सुखाने टाकू दिला नाही. तिचा नाच कधी थांबला, तेही मला कळलं नाही. आजींच्या टाळ्यासुद्धा थांबल्या होत्या. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शेवटी एकदाचं जमलं. पाऊल, बाण, हात, सगळं जागच्या जागी. दहाच्या दहा पिना आडव्या! मी अशी किंचाळले, की स्वतःच्या स्ट्राइकलाही कधी किंचाळले नसेन.

लेक वळली. चेंडू पुसायचं फडकं तिने माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "झालं ना आई? आता मी बसू?"